पीएचडीच्या पेपरचं इंग्लिश कसं सुधारायचं? मराठी मीडियमवाल्यांनी नक्की सांगा

खोडवा_आणि_मी

नमस्कार मंडळी, धागा चुकीच्या विभागात पडला असेल तर अ‍ॅडमिननी हलवावा.

मी मृदाशास्त्रात पीएचडी करतेय, तिसरं वर्ष चालू आहे. विषय थोडक्यात असा की उसाच्या खोडव्यात (म्हणजे तोडणीनंतर त्याच बुडख्यांतून परत फुटणाऱ्या पिकात) पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पानं, जाळण्याऐवजी तसंच सरीत आच्छादन म्हणून ठेवलं तर काळ्या जमिनीतल्या सेंद्रिय कर्बाचं (ऑरगॅनिक कार्बनचं) काय होतं. प्लॉट, सॅम्पलिंग, लॅब, स्टॅटिस्टिक्स सगळं झालंय, त्याचं टेन्शन नाही. टेन्शन आहे ते लिहिण्याचं. दहावीपर्यंत मराठी मीडियम, पुढे सगळं इंग्लिशमध्ये होतं म्हणा पण तिथे काय, नोट्स पाठ करायच्या आणि पेपरात उतरवायच्या, स्वतःच्या मनातलं चार ओळी इंग्लिशमध्ये लिही असं कुणी म्हटलंच नाही कधी.

आता पेपर पाठवला तर एका रिव्ह्यूअरने दोन ओळींत निकाल लावला, भाषा कच्ची आहे, नेटिव्ह स्पीकरकडून तपासून घ्या. गाईड सर पण म्हणतात भाषा सुधार. पण नेमकं काय सुधारू? ते लाल पेनाने गोल करतात आणि बाजूला प्रश्नचिन्ह काढतात, बस. विचारलं तर म्हणतात वाच, वाचलं की येतं.

लॅबमधला एक जण म्हणतो सगळं मराठीत लिही आणि ट्रान्सलेट मार. दुसरा म्हणतो छापलेल्या पेपरातली वाक्यं उचल आणि शब्द बदल, प्लॅगरिझम दिसत नाही. तिसरा म्हणतो चॅटजीपीटी असताना एवढं डोकं कशाला लावतेस. पैसे देऊन एडिटिंग करून घ्यायचा विचार केला पण फेलोशिप कधी येते ते तुम्हाला माहितीच आहे. ग्रामरचं पुस्तक पहिल्यापासून करू का? क्लास लावू का? खरंच कळत नाहीये.

माझ्या इंट्रोची सुरुवात अशी आहे: शेती हा भारतीय अर्थव्यवस्थेचा कणा, मग ऊस हे महत्त्वाचं नगदी पीक, मग ब्राझीलनंतर भारत, मग महाराष्ट्रातलं क्षेत्र आणि साखर कारखाने, मग जमिनीचं आरोग्य, मग सेंद्रिय कर्ब म्हणजे काय, आणि दुसऱ्या पानाच्या शेवटी पाचट.

---

लाल_पेन

ताई, मी पुण्यात बसून हेच काम करते, लोकांचे पेपर तपासते, त्यामुळे थोडं लांब लिहिते, चहा घेऊन बसा.

आधी त्या नेटिव्ह स्पीकरच्या शेऱ्याचं बघू. मनाला लावून घेऊ नका. बरेचदा रिव्ह्यूअरला वाचताना कुठेतरी अडखळायला होतं, का अडखळलो ते शोधायला त्याच्याकडे वेळ नसतो, मग तो सगळं भाषेच्या नावावर टाकतो. आणि नेटिव्ह स्पीकर म्हणजे काय हो, लंडनमधल्या वकिलाला तुमचा पेपर दिला तर तो कॉमा नीट लावून देईल, पण तुमच्या वाक्यात दावा चुकलाय हे त्याला कसं कळणार?

तुमच्या इंट्रोमध्ये ग्रामरची एकही चूक नसली तरी रिव्ह्यूअर हेच म्हणणार, लिहून देते. दुसऱ्या पानाच्या शेवटी पाचट! मृदाशास्त्राच्या जर्नलचा वाचक आहे तो, शेती हा कणा आहे हे त्याला माहिती आहे. आपल्याकडे शाळेतल्या निबंधापासून सवय लागलेली असते, आधी विश्व, मग देश, मग राज्य, मग गाव, आणि मुद्दा आला की निबंध संपला.

जॉन स्वेल्स म्हणून एक भाषाशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी ढीगभर पेपरांच्या प्रस्तावना तपासून 1990 साली एक साचा मांडला, अजून जगभर तोच शिकवतात. तीन पावलं. आधी दाखवायचं की हा विषय चालू आहे आणि महत्त्वाचा आहे. मग दाखवायचं की यात अमुक एक जागा रिकामी आहे, कुणी बघितलेलं नाही किंवा बघितलंय पण निकाल जुळत नाहीत. मग म्हणायचं की आम्ही ती जागा भरतोय, अशी अशी. आपल्याकडच्या बहुतेक ड्राफ्टमध्ये पहिलं पाऊल दोन पानं चालतं आणि दुसरं गायबच असतं. थेट तिसऱ्यावर उडी, 'हेन्स द प्रेझेंट स्टडी वॉज अंडरटेकन'. अहो पण हेन्स कशावरून? आधीच्या वाक्यात काही कारण तर द्या!

तुमचं मी असं करीन. पहिलंच वाक्य पाचटावर. खोडवा ठेवताना पाचट जाळतात, त्यात सेंद्रिय पदार्थ आणि नत्र (नायट्रोजन) दोन्ही जातं. मग कुणी कुणी आच्छादन करून बघितलंय आणि काय मिळालं. मग, पण हे बहुतेक काम अमुक प्रकारच्या जमिनीत झालंय किंवा फक्त वरच्या थरात मोजलंय (तुमच्या बाबतीत जे खरं असेल ते, मी अंदाजाने म्हणतेय). मग तुम्ही काय केलं. एका पानात बसतं सगळं. ब्राझील पूर्ण काढा.

तुमच्या रिझल्ट्समधली दोन-चार वाक्यं इथे टाका, जशी आहेत तशी, सुधारू नका. मग पुढचं बोलू.

---

प्रयोगवही

लाल पेन ताईंना +1.

मला फक्त त्या 'वाक्य उचल आणि शब्द बदल' वाल्या मित्राबद्दल बोलायचंय, त्याच्यापासून लांब राहा. यूजीसीचा 2018 चा नियम एकदा वाचून काढा. 10 टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर शिक्षा नाही, 10 ते 40 ला थिसिस सुधारून परत द्यायचा, 40 ते 60 ला वर्षभर सबमिट करता येत नाही, 60 च्या वर रजिस्ट्रेशनच रद्द. आता लोक काय करतात, तो आकडा खाली आणण्यासाठी शब्द बदलत बसतात, म्हणजे भाषा आधीच कच्ची आणि त्यात हे. रेफरन्स लिस्ट, सोर्स देऊन अवतरणात टाकलेला मजकूर, सगळ्यांना माहीत असलेल्या गोष्टीचे सलग 14 शब्दांपर्यंतचे तुकडे, हे सगळं त्या मोजणीतून वगळायचं असतं असं त्याच नियमात लिहिलंय, त्यामुळे 'सॅम्पल्स वेअर एअर ड्राइड' असल्या वाक्याला घाबरून वाकडं करायची काहीच गरज नाही.

वाकडं केलं की काय होतं त्याचं उदाहरण. 2021 मध्ये काही संशोधकांनी छापलेल्या पेपरांमधून असे शब्दप्रयोग शोधून काढले की जे कुठलाही शुद्धीतला माणूस लिहिणार नाही. आर्टिफिशियल इंटेलिजन्सचं झालं 'काउंटरफीट कॉन्शसनेस', बिग डेटाचं 'कोलोसल इन्फर्मेशन', ब्रेस्ट कॅन्सरचं चक्क 'बुझम पेरिल'. शब्द बदलणारं सॉफ्टवेअर वापरलं की हे असं होतं. नंतर त्यातले कितीतरी पेपर मागे घेतले गेले.

पेपर वाचा, बंद करा, आणि तो काय म्हणतोय ते समोरच्या माणसाला मराठीत सांगा. जमलं तर मग इंग्लिशमध्ये लिहा. नाही जमलं तर तो पेपर तुम्हाला कळलेला नाही, तिथे भाषेचा काही संबंध नाही.

---

वाखेनिंगनहून

इकडे नेदरलँड्समध्ये पोस्टडॉक करतोय, आणि तुझ्याच विषयाच्या आसपास, म्हणून लिहितोय. पहिली गोष्ट म्हणजे इथे पण कुणी नेटिव्ह नाहीये. डच आहेत, चिनी आहेत, इथिओपियाचे आहेत, ब्राझीलचे आहेत (हो, तुझं ब्राझील), आणि सगळ्यांचं इंग्लिश आपापल्या परीने वाकडं. फरक एवढाच की इथे ड्राफ्ट लपवत नाहीत. आठवड्यातून एकदा ग्रुपमध्ये कुणाचं तरी एक पान सगळे वाचतात आणि कुठे अडकलो तेवढं सांगतात, दुरुस्ती करायची जबाबदारी लिहिणाऱ्याची. आपल्याकडे ड्राफ्ट थेट गाईडकडे जातो आणि गाईडला बिचाऱ्याला अजून आठ जणांचे बघायचे असतात. तुझ्या लॅबमध्ये ते तिघं सल्लागार आहेत ना, त्यांनाच बसव वाचायला!

गाईड सर 'वाच' म्हणतात ते बरोबर आहे पण अर्धवट आहे. आपण पेपर वाचतो तो माहितीसाठी. एखादा पेपर फक्त लिहिण्यासाठी वाच. तुझ्या टार्गेट जर्नलमधले, तुझ्यासारख्याच प्रयोगाचे तीन-चार घे, आणि मार्जिनमध्ये मराठीत लिही की हे वाक्य काय काम करतंय. 'इथे दुसऱ्याचा निकाल सांगितला.' 'इथे त्याच्याशी पटत नाही म्हणाला.' 'इथे स्वतःची मर्यादा कबूल केली.' असं केलं की सांगाडा दिसायला लागतो, आणि सांगाडा उचलला तर ती चोरी नाही. मँचेस्टर युनिव्हर्सिटीचं अ‍ॅकॅडेमिक फ्रेझबँक म्हणून फुकट वेबसाइट आहे, तिथे अशा कामांनुसारच वाक्यांचे साचे लावून ठेवलेत, म्हणजे मर्यादा सांगायच्या असतील तर अशी वाक्यं, मतभेद दाखवायचा असेल तर अशी. ती वाक्यं वापरायलाच ठेवली आहेत.

एखादा शब्द कुठल्या शब्दाबरोबर जातो अशी शंका आली की गूगल स्कॉलरमध्ये अवतरणचिन्हात टाकून बघ. हजारो पेपर आले तर चालतं, चार आले आणि चारही एकाच गावातले असले तर सोडून दे.

ग्रामरचं पुस्तक पहिल्यापासून करू नकोस प्लीज. आयुष्य जाईल.

---

दफ्तरखाना

मी इतिहासवाला, त्यामुळे अवांतर वाटेल. मुळात सगळं इंग्लिशमध्येच का? आमच्याकडे सामाजिक शास्त्रांत मराठीत थिसिस देता येतो आणि मी तसाच देतोय. मोडी कागद वाचायचे, विचार मराठीत करायचा आणि लिहायचं इंग्लिशमध्ये, हा द्राविडी प्राणायाम कुणासाठी? तुमचा खोडवा ज्याच्या शेतात आहे तो शेतकरी तुमचा पेपर वाचणार आहे का?

---

वाखेनिंगनहून

@दफ्तरखाना मुद्दा मान्य, पण तिचा पेपर ब्राझीलमधल्या उसावर काम करणाऱ्याने वाचायला हवा असेल तर दुसरा मार्ग नाही ना सध्या. तो पण पोर्तुगीज सोडूनच लिहितोय. शेतकऱ्यासाठी मराठीत वेगळं लिहावं, नक्की लिहावं, आणि कृषी विद्यापीठांतले लोक लिहितात पण. दोन्ही कामं आहेत.

---

खोडवा_आणि_मी

बापरे एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. दफ्तरखाना सर, माझ्या वडिलांचाच ऊस आहे, ते तसंही विचारतात पेपर छापून काय होणार :)

लाल पेन ताई, ही घ्या वाक्यं, न सुधारता:

'ट्रॅश मल्चिंग वॉज डन अँड सॉइल सॅम्पल्स वेअर कलेक्टेड अँड इट वॉज ऑब्झर्व्ह्ड दॅट द ऑरगॅनिक कार्बन वॉज सिग्निफिकंटली इन्क्रीज्ड ड्यू टू मल्चिंग.'

'ऑरगॅनिक कार्बन वॉज डिटरमाइन्ड बाय वॉकली अँड ब्लॅक (1934).'

'ऑल्दो द नायट्रोजन वॉज लो इन इनिशियल स्टेज बट इट वॉज इन्क्रीज्ड लेटर.'

---

लाल_पेन

मस्त. तिन्ही वाक्यं सोन्यासारखी आहेत, कारण तिन्ही चुका वेगवेगळ्या जातीच्या आहेत.

मधल्यापासून सुरू करते कारण ते मला फार आवडतं. तुमच्या वाक्याप्रमाणे वॉकली आणि ब्लॅक स्वतः तुमच्या लॅबमध्ये आले आणि टायट्रेशन करून गेले. महाराष्ट्रातल्या निम्म्या कृषी थिसिसमध्ये ते येऊन गेलेत. 'बाय द वॉकली-ब्लॅक मेथड' म्हणा, मग कंसात वर्ष. एवढंच.

तिसरं वाक्य म्हणजे आपलं जरी-तरी. मराठीत जोडीनेच येतात म्हणून हात आपोआप 'ऑल्दो' नंतर 'बट' लिहितो. इंग्लिशमध्ये एकच ठेवायचं. तसंच 'व्हेन… देन', 'अ‍ॅज… देअरफोर'. ही चूक समजून घ्यायला सोपी आणि सापडायला पण सोपी, फाइलमध्ये 'ऑल्दो' सर्च मारा आणि प्रत्येक वाक्य बघा. तसंच 'रिसर्चेस', 'इक्विपमेंट्स', 'सिन्स थ्री इयर्स', 'डिस्कस्ड अबाउट' सर्च करा. आपल्या लोकांच्या चुका अमर्याद नसतात हो, प्रत्येकाच्या ठरलेल्या पंधरा-वीस असतात आणि त्याच आलटून पालटून येतात. गाईडनी केलेले लाल गोल आहेत ना, ते एका वहीत उतरवा, लगेच दिसेल. 'अ' आणि 'द' चं मात्र पटकन होणार नाही कारण मराठीत तो प्रकारच नाही. वाचकाला ती वस्तू आधीपासून माहिती आहे का एवढं विचारा, माहिती असेल तर 'द'. याने बरंचसं निभावतं, उरलेलं ग्रामर चेकर पकडतो.

आता पहिलं वाक्य. इथे खरी गंमत आहे आणि इथेच मी म्हणत होते ती गोष्ट. दोन 'अँड' आहेत ते सोडा, ते मी दोन मिनिटांत काढीन. मला सांगा, मल्चिंग सुरू करायच्या आधी तुम्ही त्याच प्लॉटमध्ये कर्ब मोजला होता का? मोजला असेल आणि नंतरचा आकडा त्यापेक्षा जास्त असेल तर 'इन्क्रीज्ड' बरोबर. पण तुम्ही जर फक्त शेवटी जाळलेला प्लॉट आणि आच्छादनाचा प्लॉट यांची तुलना केली असेल तर 'इन्क्रीज्ड' म्हणता येत नाही, 'हायर दॅन' म्हणावं लागतं. कारण असंही झालेलं असू शकतं की आच्छादनात होता तेवढाच राहिला आणि जाळलेल्यात कमी झाला. हे दोन निकाल पूर्ण वेगळे आहेत. तुमचा रिव्ह्यूअर बहुतेक इथेच अडखळला आणि भाषा कच्ची म्हणून मोकळा झाला. 'सिग्निफिकंटली' लिहिलंत तर त्याच वाक्यात पी व्हॅल्यू (स्टॅटिस्टिक्सच्या चाचणीतून येणारा आकडा) हवी, नुसतं 'खूप' या अर्थाने तो शब्द आमच्या धंद्यात वापरायचा नसतो. आणि 'इट वॉज ऑब्झर्व्ह्ड दॅट' काढून टाका, रिझल्ट्समध्ये जे आहे ते बघितलेलंच असतं.

म्हणजे वाक्य असं होईल: 'ऑरगॅनिक कार्बन इन द टॉप 15 सेंटिमीटर्स वॉज हायर अंडर मल्च दॅन इन बर्न्ट प्लॉट्स', पुढे आकडे आणि पी व्हॅल्यू. थराची खोली तुमची काय असेल ती टाका.

---

खोडवा_आणि_मी

सुरुवातीचे सॅम्पल्स घेतलेत ना ताई! ते टेबल सप्लिमेंटरीत टाकलंय कारण सर म्हणाले जागा नाही.

---

लाल_पेन

मग ते टेबल पेपरात आणा आणि साखर कारखाने काढा, झाली जागा.

---

रात्रपाळी

सगळे एवढं लिहितायत पण कुणी एआयबद्दल बोलत नाहीये. मी कॉम्प्युटरवाला आहे, आमच्याकडे सगळे वापरतात, लपवण्यासारखं काय आहे? ताईंचं पहिलं वाक्य टाकलं तर दोन सेकंदात सुंदर करून देतं.

---

प्रयोगवही

@रात्रपाळी देतं की. पण 'इन्क्रीज्ड' तसंच ठेवून सुंदर करून देतं, मी आत्ताच टाकून बघितलं. प्लॉटमध्ये आधी मोजलं होतं की नाही हे त्याला कुठून माहीत असणार. वर 'रोबस्ट' आणि 'पिव्होटल' असले दोन शब्द जास्तीचे चिकटवले.

वापरू नका असं मी म्हणत नाही. स्वतःचं लिहून झाल्यावर 'या परिच्छेदात काय दावा केलाय ते एका वाक्यात सांग' असं विचारा, त्याने भलतंच सांगितलं तर तुमचं लिहिणं धूसर आहे. रेफरन्स मात्र त्याच्याकडून अजिबात घेऊ नका, अस्तित्वात नसलेले पेपर बिनधास्त देतं. आणि जर्नलची पॉलिसी वाचा. कोप म्हणून प्रकाशन नीतिमत्तेची संस्था आहे, तिने 2023 मध्येच सांगितलंय की एआयला लेखक म्हणून लावता येत नाही, जबाबदारी सगळी माणसाची, आणि वापरलं असेल तर कसं वापरलं ते सांगायचं. नुसतं भाषा सुधारायला वापरलं तर काही प्रकाशक सांगा म्हणतात, काही गरज नाही म्हणतात, त्यामुळे त्या त्या जर्नलचं बघावं लागतं.

---

रात्रपाळी

ओके, 'पिव्होटल'चं पटलं. आमच्या बॅचच्या सगळ्या थिसिसमध्ये आहे तो.

---

वाखेनिंगनहून

त्या तिसऱ्या वाक्यावर माझं पण थोडं. नत्र सुरुवातीला कमी आणि नंतर जास्त, हा तुझा सगळ्यात इंटरेस्टिंग निकाल आहे आणि तू तो 'ऑल्दो'मध्ये दाबून टाकलायस. पाचटात कर्ब खूप आणि नत्र कमी, त्यामुळे कुजवताना जिवाणू जमिनीतलं नत्र स्वतःसाठी ओढून घेतात आणि पिकाला काही काळ कमी पडतं, म्हणून तर पाचटावर युरिया टाकायला सांगतात. डिस्कशनमध्ये याला स्वतंत्र परिच्छेद दे. फक्त तू जिवाणूंकडचं नत्र प्रत्यक्ष मोजलं नसशील तर 'दिस प्रूव्ह्ज' लिहू नकोस. 'धिस इज कन्सिस्टंट विथ' लिही, किंवा 'प्रॉबबली बिकॉज'. दोन्ही एकदम नको, 'मे पॉसिबली प्रॉबबली सजेस्ट' असं लिहिणारे पण बघितलेत मी.

आणि रिव्ह्यूअरला उत्तर लिहिताना नुसतं 'लँग्वेज हॅज बीन इम्प्रूव्ह्ड' लिहून सोडू नको. इंट्रो अर्धी केली, बेसलाइनचं, म्हणजे सुरुवातीच्या सॅम्पल्सचं, टेबल आत आणलं, वाढ कशाच्या तुलनेत ते प्रत्येक ठिकाणी स्पष्ट केलं, असं लाइन नंबर देऊन सांग.

---

खोडवा_आणि_मी

बेसलाइन टेबल आत घेतलं आणि सरांना दाखवलं. सर म्हणाले हे आधी का नाही घातलंस. मी काही बोलले नाही :D

नत्राचा परिच्छेद लिहितेय, रविवारी इथे टाकते, लाल पेन ताई रविवारी असाल ना?